कोल्ड्रिंकवर ४० टक्के, बिस्किटावर ५ टक्के: जंक फूडवर कर लावला तर आपण कमी खाऊ का?

पिंपरी-चिंचवडमध्ये रहाटणी फाट्याच्या आसपास कुठल्याही किराणा दुकानासमोर दोन मिनिटं उभे राहा. दारात ५ आणि १० रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. काउंटरवर बिस्किटं आणि चॉकलेटच्या बरण्या, बाजूला काचेचा फ्रीज. शाळा सुटली की मुलं तिथे, शिफ्ट सुटली की त्यांचे बाबाही तिथेच.

आता त्याच दुकानातला कर बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. फ्रीजमधल्या कोल्ड्रिंकवर ४० टक्के. त्याच्या शेजारच्या, साखरेचा एक कणही नसलेल्या शुगर-फ्री कोल्यावरसुद्धा ४० टक्के. पण खालच्या कप्प्यातल्या, बऱ्यापैकी साखर घातलेल्या आंब्याच्या पेयावर ५ टक्के. बिस्किटं, चॉकलेट, पॅकबंद फरसाण, इन्स्टंट नूडल्स, आइस्क्रीम या सगळ्यांवर ५ टक्के. यातल्या बहुतेक गोष्टींवर आदल्या दिवसापर्यंत १२ किंवा १८ टक्के कर होता.

म्हणजे 'सरकारने जंक फूडवर कर लावावा का?' हा प्रश्न विचारायला आपण जरा उशीरच केला. कर आहेच. तो नेमका कशावर आहे आणि त्यामुळे कोणाचं काय बदलतं, हे बघायला हवं.

सोशल मीडियावर हा विषय आला की चर्चा थेट वडापाववर जाते. जुलै २०२५ आठवा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावा असं सुचवलं. नागपूरच्या एम्सचं नाव त्यात पुढे होतं. दोन दिवसांत फोनवर बातमी फिरली की आता समोसा, जिलेबी, वडापाववर सिगारेटसारखा इशारा छापणार. मीम्सचा पाऊस पडला. मग पीआयबीला खुलासा करावा लागला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर कोणताही इशारा येणार नाही, कार्यालयांतल्या लोकांना माहिती देण्यापुरतंच हे आहे. फलकावर काय लिहिलं होतं यावर मात्र फारसं कोणी बोललं नाही.

बोलायला हवं होतं. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार (ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली) देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या पाहणीत सर्वात वरचा आकडा आपल्या शेजारच्या गोव्याचा आहे, २६.४ टक्के. देशाच्या एकूण आजारपणाच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहारातून येतं, असा अंदाज राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत दिला. घरात एकाला शुगर निघाली की औषधं, तपासण्या, बुडालेला दिवसाचा पगार हे सगळं कुठून भागतं, ते वेगळं सांगायला नको.

फॅट टॅक्स पहिल्यांदा लावला केरळने

भारतात आरोग्याचं कारण सांगून खाण्यावर कर लावण्याचा गाजलेला प्रयोग केरळचा. जुलै २०१६ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांनी ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या बर्गर, पिझ्झा, टाको, डोनट, सँडविच, पास्ता वगैरेंवर १४.५ टक्के कर लावला. त्यातून वर्षाला १० कोटी रुपये मिळतील असा अंदाज होता.

१० कोटी हा राज्याच्या तिजोरीसाठी चिल्लर आकडा आहे. म्हणजे पैसा हा हेतू नव्हता, हे मान्य करू. पण त्यातला 'ब्रँडेड' हा शब्द बघा. मॉलमधला बर्गर करात आला आणि कोपऱ्यावरचा तेलात तळलेला परोठा सुटला. केळ्याचे वेफर्सही सुटले. केरळमधला सामान्य माणूस रोज काय खातो आणि महिन्यातून एकदा काय खातो, याचा विचार केला तर कर महिन्यातून एकदाच्या गोष्टीवर बसला होता. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो कर त्यात विरघळला. जेमतेम वर्षभराचा प्रयोग. त्यातून लोकांच्या तब्येतीबद्दल काही ठाम सांगता येत नाही.

जीएसटीमुळे आणखी एक गोष्ट झाली, आणि ती पिंपरी-चिंचवडकरांना चटकन कळेल. ही महापालिका एकेकाळी जकातीवर श्रीमंत होती. १ एप्रिल २०१३ ला जकात जाऊन एलबीटी आला, पुढे तोही गेला. आता शहरात येणाऱ्या मालावर महापालिका स्वतःचा कर लावू शकत नाही. अमेरिकेतल्या बर्कली या छोट्या शहराने नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदान घेऊन गोड पेयांवर स्वतःचा कर लावला. तसं इथे करायचं ठरवलं तरी ते पालिकेच्या हातात नाही. एकट्या महाराष्ट्र सरकारच्याही नाही. निर्णय जीएसटी कौन्सिलमध्ये होतो. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश मतं लागतात. त्यामुळे 'महाराष्ट्राने फॅट टॅक्स लावावा' अशी पोस्ट दिसली की समजा, लिहिणाऱ्याला हा भाग माहीत नाही.

मग कोल्ड्रिंकवर ४० टक्के का?

साखरेमुळे, असं वाटेल. पण इतिहास वेगळा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये अरविंद सुब्रमण्यन समितीने जीएसटीचे दर सुचवताना आलिशान गाड्या, तंबाखू आणि कोल्ड्रिंक यांना एकाच ४० टक्क्यांच्या टोपलीत टाकलं. २०१७ मध्ये कोल्ड्रिंकवर २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के भरपाई उपकर बसला. हा उपकर जीएसटीमुळे राज्यांचं जे उत्पन्न बुडालं त्याची भरपाई करण्यासाठी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला आणि त्याच्या जागी सरळ ४० टक्के आले. ग्राहकाला फरक शून्य.

इतकी वर्षं ४० टक्के कर असूनही कोल्ड्रिंक महाग झालं का? २०२३ मध्ये रिलायन्सने कॅम्पा पुन्हा बाजारात आणलं आणि २०० मिलीची बाटली १० रुपयांना दिली. मग बाकीच्यांनाही आपले दर बघावे लागले. १० रुपयांत ४० टक्के कर धरला तर तो जास्तीत जास्त २ रुपये ८६ पैसे होतो. एवढा कर देऊनही बाटली चहाच्या कटिंगच्या भावात मिळते.

इथे आपल्या कराची मोठी अडचण दिसते. आपला कर किमतीवर आहे. बाटली स्वस्त केली की करही कमी होतो. मोठी बाटली घेतली की लिटरमागे भाव कमी, म्हणून लिटरमागे करही कमी. म्हणजे जास्त पिणाऱ्याला साखरेच्या प्रत्येक चमच्यामागे कमी कर पडतो. आणि शुगर-फ्री बाटलीलाही तोच दर असल्यामुळे कंपनीला साखर कमी करून करात एक पैसाही वाचवता येत नाही. कर साखरेवर नाही, बुडबुड्यांवर आहे असं मी म्हणते ते यामुळे.

५ रुपयांच्या पुड्याचं गणित

परदेशातल्या अभ्यासांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कर वाढला की किंमत वाढते, किंमत वाढली की माणूस कमी घेतो. आपल्याकडे छोट्या पुड्यांच्या बाबतीत मधली पायरीच गायब आहे.

मुलाच्या हातात ५ रुपयांचं नाणं असतं, त्यामुळे पुडा ५ रुपयांचाच असावा लागतो. साडेपाचचा पुडा विकला जात नाही, कारण ५० पैसे कोणाकडेच नसतात. मग कर किंवा कच्चा माल महागला की कंपनी किंमत तशीच ठेवते आणि आतला माल कमी करते. 'पूर्वी पुडा केवढा असायचा' असं घरातली मोठी माणसं म्हणतात ते खरंच आहे.

आता हेच गणित उलटं फिरवा. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ५ रुपयांच्या पुड्याची नवी किंमत हिशोबाने ४ रुपये ४५ पैसे होते. दुकानदार ५५ पैसे परत कुठून देणार? म्हणून अनेक कंपन्यांनी छोट्या पुड्यांची किंमत तीच ठेवून वजन वाढवण्याचा मार्ग सांगितला. समजा पुडा ५० ग्रॅमचा होता आणि कराचा पूर्ण फायदा ग्राहकाला दिला, तर तो ५६ ग्रॅमचा होतो. फरसाणावर कर १२ वरून ५ वर आला, तिथे ५० चे ५३ ग्रॅम होतात.

महागाईच्या नजरेने बघितलं तर ही चांगली बातमी आहे, आणि तशीच ती सांगितलीही गेली. आरोग्याच्या नजरेने बघितलं तर अर्थ असा की शाळेच्या गेटबाहेर तेच नाणं देऊन मुलाला ६ ग्रॅम जास्त मैदा, साखर आणि पाम तेल मिळतं. कोणी काही सवय बदलली नाही, कोणी जास्त मागितलं नाही. पुडाच मोठा झाला.

याच्यात एक संधीही आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ५ रुपयांची किंमत जर हलणारच नसेल, तर आपल्याकडे कर वाढवल्याचा परिणाम थेट 'कमी ग्रॅम' असा होतो. मुलाला किंमत कळत नाही, दुकानदाराला सुट्ट्या पैशांचा त्रास नाही, आणि पोटात मात्र कमी जातं. अर्थात, कंपनी महागडं सोडून स्वस्त तेल वापरणार नाही याची हमी त्यातून मिळत नाही. त्यासाठी कर किमतीवर नको, आत काय आहे त्यावर हवा.

ब्रिटनने काय केलं

ब्रिटनने तेच केलं. मार्च २०१६ मध्ये घोषणा केली की एप्रिल २०१८ पासून गोड पेयांवर कर लागेल. १०० मिलीत ५ ते ८ ग्रॅम साखर असेल तर लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅमच्या वर असेल तर २४ पेन्स, ५ ग्रॅमच्या खाली असेल तर काहीच नाही. कंपन्यांना दोन वर्षं मिळाली. कर सुरू होण्याआधीच निम्म्याहून जास्त उत्पादकांनी साखर कमी केली, आणि २०१५ ते २०१९ या काळात या करात येणाऱ्या पेयांतली सरासरी साखर ४० टक्क्यांहून जास्त उतरली. ग्राहकाने सवय बदलायची गरजच पडली नाही. तो तीच बाटली घेत राहिला, बाटलीतली साखर कमी झाली.

त्याने लठ्ठपणा कमी झाला का? केंब्रिजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलं की १० ते ११ वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसला. मुलांमध्ये असा फरक दिसला नाही. म्हणजे फायदा आहे, पण जादूची कांडी नाही.

मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे १ पेसो कर लावला आणि १०० ग्रॅममागे २७५ कॅलरीच्या वर असलेल्या खाऊवर ८ टक्के. पहिल्या दोन वर्षांत करातल्या पेयांची खरेदी सरासरी ७.६ टक्क्यांनी घटली आणि ही घट सर्वात जास्त गरीब घरांत होती.

डेन्मार्क मात्र तोंडावर आपटला. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी सॅच्युरेटेड फॅटवर किलोमागे १६ क्रोनर कर लावला. लोणी, चीज, मांस, तेल सगळंच त्यात आलं. लोक गाडी काढून जर्मनीतून किराणा आणू लागले, व्यापारी वैतागले आणि वर्षभरातच सरकारने कर मागे घ्यायचं ठरवलं. लोणी हे तिथल्या लोकांचं रोजचं जेवण आहे. रोजच्या जेवणावर कर लावला की लोक वाट शोधतात. आपल्याकडे तूप-लोण्यावर असं काही कोणी सुचवलं तर काय होईल, कल्पना करा.

वडापावपर्यंत कर पोहोचतो, पण भलत्याच दारातून

आता लाडक्या प्रश्नाकडे येऊ. वडापाववर कर लागू शकतो का?

कागदावर लागू शकतो. प्रत्यक्षात गल्लीतली बहुतेक गाडी जीएसटीच्या बाहेर आहे, कारण वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर खाद्यसेवेला नोंदणी लागत नाही. २० रुपयांचा वडापाव धरला तर दिवसाला साधारण २७० वडापाव विकले तरी ती मर्यादा ओलांडत नाही. काही गाड्या याहून कितीतरी जास्त विकतात हे आपण सगळेच बघतो, पण मोजायला कोण बसलंय? बटाट्यावर कर शून्य, पावावर शून्य. तेलावर ५ टक्के.

तेलापाशी थांबू. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं आणि त्यात पाम तेलाचा वाटा मोठा आहे. त्यामुळे कढईतल्या तेलाची किंमत ठरवण्यात आयात शुल्काचा मोठा हात असतो. खरं तर भारतातला फॅट टॅक्स हाच. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. कारण काय होतं? लातूरपासून विदर्भापर्यंत सोयाबीनचा भाव हमीभावाखाली गेला होता आणि महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. मे २०२५ च्या शेवटी तेच शुल्क १० टक्क्यांवर आणलं, कारण तेल महागलं होतं. दोन्ही वेळा शेतकरी आणि महागाई यांचा विचार झाला. हृदयविकाराचा उल्लेख दोन्हीकडे नाही.

तेल महागलं की वडापाववाला काय करतो? १५ चा १८ करतो, किंवा वडा लहान करतो. तिसरा मार्ग धोक्याचा आहे: तेच तेल आणखी एक दिवस चालवतो. तळणाच्या तेलातले खराब घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा एफएसएसएआयचा नियम जुलै २०१८ पासून आहे. पण कोकणे चौकातल्या किंवा काळेवाडीतल्या गाडीवर तो रोज कोण तपासणार? म्हणून वडापावसाठी कर हे हत्यार चुकीचं आहे, असं माझं मत आहे. कर वाढवून त्या कढईतलं तेल चांगलं होणार नाही, उलट आणखी काळं होण्याची शक्यता जास्त.

आणि वडापाव खातो कोण? भोसरी किंवा चाकणला सकाळच्या शिफ्टला जाणारा माणूस पहाटे घरातून निघतो. मोठ्या कंपनीत कॅन्टीन असतं. जुन्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये कॅन्टीनच्या सक्तीसाठी २५० हून जास्त कामगारांची अट होती, त्यामुळे छोट्या वर्कशॉपमधला आणि ठेकेदाराकडचा कामगार बाहेरच्या गाडीवरच अवलंबून राहिला. उभ्या उभ्या पाच मिनिटांत पोट भरणारं त्याच्यासमोर दुसरं काय आहे? ज्याला पर्याय आहे त्याला कर लावून वळवता येतं. ज्याला पर्याय नाही त्याच्या खिशातून फक्त पैसे जातात.

कर न लावताही चांगलं काम झाल्याचं उदाहरण आपल्याकडे आहे, पण त्याची चर्चा होत नाही. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली. तुमच्या बेकरीतल्या खारी, क्रीमरोल आणि पॅटिसमध्ये वापरलं जाणारं वनस्पती तूप त्यामुळे बदलावं लागलं. तुम्हाला कोणी 'खारी खाऊ नका' म्हटलं नाही. नियम कारखान्याला लावला.

गरिबावरचा कर?

या कराला सर्वात वजनदार विरोध इथून येतो. खाण्यावरचा कर श्रीमंत-गरीब दोघांना सारखाच लागतो, पण गरिबाच्या कमाईतला मोठा हिस्सा त्यात जातो. आपल्याकडे ही आठवण खोल आहे. मिठावरच्या करात नेमका हाच अन्याय होता, आणि १९३० मध्ये वडाळ्यापासून कोकणातल्या शिरोड्यापर्यंत लोक त्यासाठी मिठागरांत उतरले. (त्याच मिठाबद्दल आज जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणून सांगते. तरी मिठावर कर लावा असं इथे कोणी म्हणू नये.)

कराच्या बाजूचे लोक मेक्सिकोकडे बोट दाखवतात: गरीब घरांनी खरेदीही जास्त कमी केली, म्हणजे आजारपणातली बचतही त्यांचीच. हा मुद्दा खरा आहे, पण त्याला एक अट आहे. त्या पैशात दुसरं काहीतरी खायला मिळायला हवं.

इथे राज्य सरकारच्या दोन योजना शेजारी ठेवून बघा. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली: १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. दिवाळी २०२२ ला आनंदाचा शिधा आला: १०० रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पाम तेल. सणाला गोडधोड करायला घरात काहीतरी असावं, या भावनेला माझा आक्षेप नाही. पण एका हाताने साखरेच्या पाण्यावर ४० टक्के कर घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने साखर-तेल जवळपास फुकट द्यायचं, यातून सरकार खाण्याबद्दल नेमकं काय सांगतंय? थाळीच्या योजनेला मात्र गर्दी कमी नव्हती. चांगलं जेवण स्वस्त मिळालं तर लोक रांग लावतात, एवढं त्यातून दिसलं.

गोड पेयांवरच्या कराचा पैसा थाळीसारख्या गोष्टीकडे वळवला तर 'गरिबावरचा कर' या आक्षेपाची धार बरीच कमी होईल. सध्या तो पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. ऊस आणि साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात हा विषय कोणता पक्ष उचलेल, हा भाग वेगळा. ब्रिटनसारखा साखरेच्या ग्रॅमवर कर लावला तर पहिला फोन कुठून येईल, ते सांगायची गरज नाही.

पुढे काय चाललंय?

२०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत केंद्र सरकारच्याच अर्थतज्ज्ञांनी अल्ट्रा-प्रोसेस्ड पदार्थांवर जास्त कर लावण्याचा विचार व्हावा असं म्हटलं होतं. ती पाहणी जानेवारी २०२५ मध्ये आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यातल्या बऱ्याच पदार्थांवरचा कर कमी झाला. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०३५ पर्यंत तंबाखू, दारू आणि गोड पेयांच्या किमती करातून किमान ५० टक्क्यांनी वाढवा असं सगळ्या देशांना सांगितलं.

शाळांबाबत नियम आधीपासून आहेत. महाराष्ट्राने मे २०१७ मध्ये शाळेच्या कॅन्टीनमधून वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, कोल्ड्रिंक हटवायला सांगितलं. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारापासून ५० मीटरपर्यंत जास्त मीठ, साखर आणि फॅट असलेले पदार्थ विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. तुमच्या मुलांच्या शाळेच्या गेटपासून ५० पावलं चालून बघा आणि वाटेत काय दिसतं ते मोजा.

पाकिटाच्या दर्शनी भागावर इशारा हवा, या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं होतं. चिलीने २०१६ पासून काळ्या अष्टकोनात 'साखर जास्त', 'मीठ जास्त' असं छापायला लावलं आणि ते लहान मुलालाही कळतं. आपल्या एफएसएसएआयने सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात स्टार रेटिंग सुचवलं होतं. फ्रीजप्रमाणे वेफर्सला दोन स्टार. ते बघून कोणी पुडा खाली ठेवेल असं मला वाटत नाही.

माझ्या मते क्रम असा असावा: आधी पाकिटावर इशारा, मग साखर आणि मिठाच्या ग्रॅमवर कर, तोही फक्त पॅकबंद मालावर आणि कंपन्यांना दोन वर्षांची मुदत देऊन. गाडीवरच्या वड्याला यातून वगळावं आणि तिथे तेल तपासणारी माणसं वाढवावीत.

तोपर्यंत पाकीट उलटं करून मागचा तक्ता वाचता येतो. तिथे 'ॲडेड शुगर' या ओळीसमोर १०० ग्रॅम किंवा १०० मिलीमागचा आकडा असतो. त्याला पाकिटाच्या वजनाने गुणा, १०० ने भागा, मग ४ ने भागा. येतील तेवढे चहाचे चमचे साखर. मोठ्या माणसासाठी दिवसाला सहा चमच्यांच्या आसपास थांबलेलं बरं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि त्यात चहातली साखरही धरलेली आहे.